पडद्यामागचा ॲम्प्लिफायर

आमच्या संगीतप्रेमी मध्यमवर्गांत अलीकडे एक नवा पंथ निघाला आहे. या पंथाला मंदिर लागत नाहीं. दिवाणखान्याची एक भिंत पुरते. त्या भिंतीशीं छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर, त्यांच्यामध्यें काळ्या किंवा रुपेरी धातूच्या दोन-चार पेट्या, आणि या सर्वांना जोडणाऱ्या अंगठ्याएवढ्या जाड तारा अशी मांडणी झाली कीं उपासनेची सिद्धता होते. मग यजमान पाहुण्यांस एका विवक्षित खुर्चीवर बसवितात, पंखा बंद करतात, आणि अब्दुल करीमखांसाहेबांचें किंवा केसरबाईंचें एखादें जुनें गाणें लावतात. दोन मिनिटांनीं तें मध्येंच तोडून, मागें कांहीं तारा बदलून, पुन्हां पहिल्यापासून लावतात, आणि विचारतात, "फरक कळला?"

या प्रश्नाला "नाहीं" असें उत्तर देण्याचें धैर्य फार थोड्यांना होतें. "नाहीं" म्हणणाराचा कान कच्चा ठरतो. आणि आपला कान कच्चा आहे हें गाण्याच्या बैठकींत वाढलेला मनुष्य कबूल करील ही गोष्ट दुर्मिळच. मीं स्वतः हें धैर्य एकदां दाखविलें नाहीं, व तीच हकीकत या लेखाच्या मुळाशीं आहे.

शब्दांविषयीं आधींच एक खुलासा करून ठेवतों. ॲम्प्लिफायरला 'ध्वनिवर्धक' हा शब्द कोशांत आहे. परंतु व्यवहारांत त्या शब्दानें गणपतीच्या मांडवावर बांधलेला कर्णाच डोळ्यांपुढें उभा राहतो. म्हणून येथें बाजारांत चालणारे शब्दच वापरले आहेत. शुद्धीच्या अभिमान्यांनीं क्षमा करावी.

आमचे एक स्नेही पुण्यास असतात. आयुष्यभर महाविद्यालयांत अध्यापन केलेले, कानाचे तयार, आणि सवाई गंधर्व महोत्सवाला चाळीस वर्षें न चुकतां जाणारे. निवृत्तीनंतर हातीं आलेल्या निधींतून त्यांनीं चार लाख रुपयांचा एक परदेशी ॲम्प्लिफायर घेतला. घरांत पूर्वीचा एक पंचवीस हजारांचा होताच. त्यांनीं मला बोलावून आधीं जुना व मग नवा ऐकविला. नव्यावर गायक दोन पावलें पुढें येऊन बसल्यासारखा वाटला. तानपुरा भरून आला. तबल्यावरील बोटाचा आघात स्वच्छ झाला. मीं मान डोलाविली, आणि त्या मान डोलावण्यांत दाक्षिण्य नव्हतें. फरक मला खरोखरच ऐकूं आला होता.

पुढें दोन महिन्यांनीं, विक्रेत्याच्या सल्ल्यावरून, त्यांनीं जुना ॲम्प्लिफायरहि पुन्हां कामास लावला. त्यांच्या स्पीकरच्या पाठीशीं वरच्या व खालच्या स्वरांसाठीं तारा जोडण्याच्या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि त्या एका पितळी पट्टीनें एकमेकींस सांधलेल्या असतात. ती पट्टी काढून खालच्या जागेस जुना व वरच्या जागेस नवा ॲम्प्लिफायर जोडला. यास त्या पंथांत बाय-ॲम्पिंग म्हणतात. मीं पुन्हां ऐकलें. तानपुऱ्याच्या वरच्या स्वरांत एक मोकळेपणा आला होता. मीं पुन्हां मान डोलाविली. स्नेह्यांनीं दुसरा एक चार लाखांचा ॲम्प्लिफायर घ्यावयाचें मनांत आणलें, तें या दुसऱ्या मान डोलावण्यानंतर. म्हणून या प्रकरणांत मी निव्वळ साक्षीदार नाहीं, थोडासा अपराधीहि आहें.

दिवाळींत त्यांचे चिरंजीव बंगळुराहून घरीं आले. ते विद्युत्-अभियंता आहेत. त्यांनीं वडिलांशीं वाद घातला नाहीं. एका स्थिर स्वराची ध्वनिमुद्रिका लावून त्यांनीं दोन्ही ॲम्प्लिफायर आळीपाळीनें स्पीकरला जोडले व व्होल्टमीटर लावला. एकच सूर, आवाजाच्या खुंटीची एकच जागा. तरी नव्याचा दाब जुन्यापेक्षां शेंकडा बारांनीं अधिक! शेंकडा बारा व्होल्ट म्हणजे एक डेसिबल. एवढा फरक कानाला "मोठा आवाज" म्हणून जाणवत नाहीं. तो "जवळ", "भरलेला", "स्वच्छ" अशा विशेषणांनीं जाणवतो. आणि बाय-ॲम्पिंगच्या वेळीं नवा वरच्या स्वरांस जोडलेला असल्यामुळें तेवढेच स्वर एक डेसिबलनें चढले होते. माझा 'मोकळेपणा' तो हाच. रेडिओची 'ट्रेबल'ची खुंटी किंचित् फिरविली असती तरी तो फुकट मिळाला असता.

मग त्यांनीं नव्याचा दाब एका लहानशा रोधकानें शेंकडा एकाच्या आंत जुन्याबरोबर आणून ठेवला, ॲम्प्लिफायरांपुढें एक चादर टांगली, आणि नाणें उडवून छाप-कांट्याप्रमाणें जोडणी करावयाची असें ठरविलें. जोडणी करणारे एक शेजारी. ते चादरीमागें असत व आमच्यापुढें येत नसत. सोळा वेळां आम्हीं ओळखावयाचें. निव्वळ अंदाजानें आठ बरोबर यावेत. फरक खरोखर ऐकूं येतो असें म्हणावयास सोळांत निदान बारा तरी यावेत, असा हिशेब. स्नेह्यांचीं नऊ उत्तरें बरोबर आलीं, माझीं सात. लाख रुपयांच्या पटींत असलेला फरक चादरीमागें गेला आणि परत आला नाहीं.

यावर स्नेही जें म्हणाले तें या पंथाचें मुख्य सूत्र असल्यामुळें जसेंच्या तसें देतों. "अहो, रसिकतेची अशी परीक्षा घेतां येत नाहीं. कान हा यंत्राहून सूक्ष्म आहे."

कान यंत्राहून सूक्ष्म असेल. मी क्षणभर तें मान्यच करतों. परंतु त्या प्रयोगांत यंत्रानें निर्णय कोठें दिला? व्होल्टमीटरनें केवळ दोन आवाज सारखे करून दिले. निर्णय देण्यास कानच बसविला होता. काढून घेतला तो डोळा. ज्याला कानाचा अभिमान आहे त्यानें डोळा काढून घेतल्याबद्दल तक्रार कां करावी? मिरजेच्या तंबोऱ्याच्या कारागिराकडे जाऊन पाहा. घोडीवर तारेखालीं घातलेला सुताचा दोरा केसभर सरकला तर जवारी बिघडली हें त्यास तत्काळ कळतें. तंबोरा कोणाचा, किंमत किती, हें त्यास पुसावें लागत नाहीं, आणि डोळे मिटूनच तो तें ऐकतो. कानाची खरी सूक्ष्मता ही. जी सूक्ष्मता ॲम्प्लिफायरवरील नांव वाचल्यावांचून जागीच होत नाहीं, ती कानाची नसून वाचनाची आहे.

एका घरांतील सोळा उत्तरांवरून सिद्धान्त बांधूं नये हें खरेंच. परंतु जेथें हीं यंत्रें जन्मलीं त्या देशांत हीच परीक्षा वेळोवेळीं झालेली आहे, आणि ती घेणारे कोणी संगीतद्वेष्टे नव्हते. इंग्लंडांतील क्वाड या प्रसिद्ध ॲम्प्लिफायरांचे कर्ते पीटर वॉकर यांच्या प्रेरणेनें १९७८ सालीं जेम्स मॉयर या ध्वनितज्ज्ञांनीं एक परीक्षा घेतली. क्वाडचेच तीन ॲम्प्लिफायर तींत होते: एक १९५३ चा व्हॉल्व्हचा, दुसरा १९६७ चा व तिसरा १९७५ चा, हे दोन्ही ट्रान्झिस्टरचे. ऐकावयास बसलेल्या जाणत्यांना ते एकमेकांपासून ओळखतां आले नाहींत. याचा अर्थ नीट ध्यानांत घेण्यासारखा आहे. ज्या कारखानदाराला आपला नवा माल विकावयाचा आहे, त्यानेंच जगापुढें कबूल केलें कीं माझा नवा ॲम्प्लिफायर माझ्याच पंचवीस वर्षांपूर्वींच्या ॲम्प्लिफायरहून कानाला निराळा लागत नाहीं! हा प्रामाणिकपणा आज कोणत्या जाहिरातींत आढळतो तें वाचकांनीं शोधून पाहावें. १९८७ च्या जानेवारींत अमेरिकेंतील 'स्टीरिओ रिव्ह्यू' या मासिकानें असाच प्रयोग छापला. त्यांत सुमारें सव्वादोनशें डॉलरांच्या साध्या रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरांच्या व्हॉल्व्हच्या जोडीपर्यंत यंत्रें होतीं, आणि ऐकणारांत फरक मानणारे व न मानणारे असे दोन्ही पक्ष होते. दोन्ही पक्षांची उत्तरें नाणेफेकीच्या पलीकडे गेलीं नाहींत.

सर्वांत बोधप्रद हकीकत १९८५ ची आहे. बॉब कार्व्हर नांवाच्या अमेरिकन अभियंत्यानें 'स्टीरिओफाइल' या, महागड्या यंत्रांचा पुरस्कार करणाऱ्या, मासिकाच्या संपादकांस आव्हान दिलें: तुम्हांस आवडेल तो कितीहि महागडा ॲम्प्लिफायर निवडा, माझा स्वस्त ॲम्प्लिफायर मी तसाच वाजवून दाखवितों. संपादकांनीं एक भारी किंमतीचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर निवडला. कार्व्हर त्यांच्या गांवीं, सांता फे येथें, जाऊन बसला. त्याची रीत मोठी सोपी होती. दोन्ही ॲम्प्लिफायरांस एकच संगीत द्यावयाचें आणि एकाच्या उत्तरांतून दुसऱ्याचें उत्तर वजा करावयाचें. जें उरेल तो दोहोंतील फरक, आणि तो प्रत्यक्ष स्पीकरवर ऐकतां येतो. आरंभीं बरेंच उरत होतें, म्हणजे फरक होता. आणि संपादकांच्या कानांनींहि तो पकडला होता. कार्व्हर आपल्या यंत्रांत फेरबदल करीत गेला, अवशेष कमी कमी होत गेला, आणि अखेरीस सत्तर डेसिबलनें खालीं, म्हणजे तीन हजारांत एक अंश इतका उरला. त्यानंतर संपादकांस दोहोंत फरक सांगतां आला नाहीं. आणि त्यांनीं तें आपल्याच मासिकांत छापलें.

या हकीकतीवरून दोन्ही पक्षांस धडा आहे, आणि माझ्या पक्षासहि तो मीं वगळूं नये. सर्व ॲम्प्लिफायर सर्व प्रसंगीं सारखेच, असें म्हणणारा अज्ञ होय. शक्ति अपुरी पडून आवाज फाटला तर तो कोणासहि कळेल. व्हॉल्व्हच्या पुष्कळ ॲम्प्लिफायरांचा अंतर्गत रोध दोन ओहमच्या घरांत असतो. स्पीकरचा रोध मात्र स्वरागणिक बदलतो, कोठें चार ओहम, कोठें वीस. अशा जोडीनें कांहीं स्वर इतरांहून पावणेतीन डेसिबलपर्यंत चढतात, आणि तो फरक डोळे बांधूनहि ऐकूं येईल. कोणाला तो गोड वाटला तर त्याच्या आवडीशीं माझें भांडण नाहीं. परंतु त्याचें कारण मोजतां येतें, व मोजलें कीं थोडक्या पैशांत तें दुसऱ्या यंत्रांतहि आणतां येतें. सांता फे येथें झालें तें हेंच. त्यांत चार लाखांचें गूढ नाहीं.

दुसरा आक्षेप असा ऐकूं येतो कीं परीक्षेच्या ताणाखालीं कान आखडतो. खरा फरक महिनोन् महिने सहवास झाल्यावर कळतो. ठीक आहे. कोणा विश्वासू मनुष्याकडून दोहोंपैकीं एक यंत्र कपाटांत बंद करवून घ्यावें, कोणतें आहे तें विचारूं नये, महिनाभर सुखानें ऐकावें, आणि मग सांगावें. ताण नाहीं, घाई नाहीं, प्रेक्षक नाहींत. हा आक्षेप घेणारे पुष्कळ भेटले. असा महिना काढलेला अद्याप एकहि भेटला नाहीं.

आतां बाय-ॲम्पिंगकडे वळतों. कारण दुसरा ॲम्प्लिफायर विकण्याची ही सर्वांत यशस्वी युक्ति आहे, आणि तिच्यांत अर्धें सत्य असल्यामुळें ती अधिक घातक आहे. स्पीकरच्या पेटींत निदान दोन भोंगे असतात: खालच्या स्वरांस मोठा व वरच्या स्वरांस लहान. आलेलें संगीत या दोघांत वांटून देणारी गुंडाळ्यांची व धारकांची एक चाळणी, जिला क्रॉसओव्हर म्हणतात, पेटीच्या पोटांत बसविलेली असते. माझ्या स्नेह्यांच्या घरीं केलेल्या जोडणींत ही चाळणी जेथल्या तेथेंच राहते. केवळ तिच्या दोन भागांस दोन ॲम्प्लिफायर जोडतात. आतां पाहा: दोन्ही ॲम्प्लिफायरांत संपूर्ण संगीतच शिरतें. लहान भोंग्यास पोसणाऱ्या ॲम्प्लिफायरलाहि तबल्याच्या डग्ग्याचा सगळा दाब उभा करावाच लागतो. तो दाब मागाहून पेटींतील चाळणी अडवून ठेवते. म्हणून ज्या दाबाला एक ॲम्प्लिफायर फाटत होता त्याच दाबाला दोन्ही फाटतात. "शक्ति दुप्पट झाली" हें विक्रेत्याचें वाक्य हिशेबाच्या वहींत खरें असेल, खोलींत नाहीं. विजेचा प्रवाह मात्र दोघांत वांटला जातो, इतकाच काय तो लाभ. आणि धडधाकट ॲम्प्लिफायरला त्या प्रवाहाचें ओझें मुळांत झालेलेंच नसतें.

खरें बाय-ॲम्पिंग निराळें. त्यांत चाळणी ॲम्प्लिफायरच्या आधीं बसते. संगीत सूक्ष्म स्वरूपांत असतांनाच वांटलें जातें, आणि प्रत्येक ॲम्प्लिफायरला आपल्या वांट्याचेच स्वर वाढवावे लागतात. येथें लाभ डोळ्यांत भरण्यासारखा आहे. दोन भागांचे दाब सारखे असले तर ते एकाच यंत्रांत एकमेकांवर चढून शिखर दुप्पट होतें, आणि दुप्पट दाबास चौपट शक्ति लागते. म्हणून पन्नास-पन्नास वॅटचे दोन ॲम्प्लिफायर अशा प्रसंगीं दोनशें वॅटच्या एका ॲम्प्लिफायरचें काम करतात. शिवाय मोठा भोंगा गुंडाळीच्या मध्यस्थीवांचून थेट ॲम्प्लिफायरच्या ताब्यांत येतो. सिगफ्रीड लिंकविट्झ यांनीं १९७६ सालीं अशा चाळण्यांचें गणित प्रसिद्ध केलें, आणि आज त्यांचें व रसेल रायली यांचें नांव धारण करणारी चाळणी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायांत सर्वतोमुखीं आहे. पण त्यासाठीं पेटी उघडून मूळची चाळणी काढावी लागते, भोंग्यांचीं मापें घ्यावीं लागतात, नव्या चाळणीचा हिशेब करावा लागतो. पट्टी उपटून तार खोंचण्याइतकें तें सोपें नाहीं. ज्याला हें करावयाचें नाहीं त्यानें ध्वनिमुद्रणाच्या खोलींत टेबलावर असतात तसले, पोटांतच दोन ॲम्प्लिफायर असलेले लहान स्पीकर घ्यावेत. ते याच रीतीनें चालतात, आणि त्यांच्या एका जोडीची किंमत कित्येकदां या पंथांतील एका जाड तारेहूनहि कमी असते. परंतु त्यांच्यावर पाहुण्यांस दाखविण्यासारखें कांहीं नसतें.

चिरंजिवांनीं सुटी संपण्यापूर्वीं आणखी एक माप घेतलें, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें तेंच. स्नेह्यांची खोली बारा फूट लांब व दहा फूट रुंद, खालीं मोझाइकची फरशी, भिंती उघड्या. अशा खोलींत सेकंदास सुमारें सत्तेचाळीस व छप्पन आवर्तनांचे स्वर भिंतींमध्यें अडकून घुमतात, आणि त्यांच्या दुप्पट आवर्तनांचेहि. डग्ग्याचा घुमारा नेमका याच प्रदेशांत येतो. माइक ठेवून पाहतां कांहीं स्वर शेजारच्या स्वरांहून दहा दहा डेसिबलनें वर गेलेले निघाले. म्हणजे एका दशांश डेसिबलसाठीं चार लाख खर्च झाले होते, आणि दहा डेसिबलचा दोष फरशीवर उघडा पडला होता! स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढें ओढले, खुर्ची खोलीच्या मध्यावरून हलविली, एक जाड सतरंजी अंथरली आणि मागच्या भिंतीशीं पुस्तकांचें कपाट सरकविलें. हा फरक ओळखावयास चादर लागली नाहीं, व नाणेंहि लागलें नाहीं.

आणि एवढें करून ऐकावयाचें काय, तर अब्दुल करीमखांसाहेबांच्या तीन मिनिटांच्या तबकड्या, ज्यांत पांच-सहा हजार आवर्तनांच्या वर सुईच्या खरखरीवांचून फारसें कांहीं नाहीं! १९७७ सालीं व्हॉयेजर यानांतून केसरबाईंची भैरवी ताऱ्यांकडे धाडण्यांत आली. त्या तबकडीसोबत सुई दिलेली आहे, ती वाजविण्याच्या सूचनाहि कोरलेल्या आहेत; ॲम्प्लिफायर कोणता असावा याविषयीं मात्र परग्रहवासीयांस कांहींच सांगितलेलें नाहीं. त्यांचें फार बिघडेल असें मला वाटत नाहीं.

परंतु मला राग येतो तो पैशांमुळें नव्हे. पैसे स्नेह्यांचे होते. त्यांनीं ते त्यांच्या इच्छेनें खर्चिले. मला राग येतो तो त्या तोडलेल्या दोन मिनिटांमुळें. ज्या मनुष्यानें चाळीस वर्षें मांडवांत बसून, थंडींत शाल पांघरून, अर्धा-अर्धा तास विलंबित ख्याल ऐकला, तो त्या दोन वर्षांत घरीं एकहि राग शेवटपर्यंत ऐकत नव्हता. अस्ताई संपण्याच्या आंत त्याचा हात तारेकडे जाई. गेल्या दोन डिसेंबरांत तो महोत्सवासहि गेला नाहीं. कारण विचारलें तेव्हां "मांडवांतला आवाज सहन होत नाहीं" असें उत्तर मिळालें. हा त्यांच्या कानाचा विकास झाला असें ज्यांना वाटत असेल त्यांनीं खुशाल वाटून घ्यावें. मला त्यांत एका तयार श्रोत्याचा ऱ्हास दिसतो, आणि त्यास मासिकांतील विशेषणांनीं व विक्रेत्यांच्या सल्ल्यानें हातभार लागलेला दिसतो. मीं डोलाविलेल्या दोन मानांनींहि लागला, तें मीं वर कबूल केलेंच आहे.

स्नेही माझ्यावर अद्याप किंचित् रुष्ट आहेत. पितळी पट्टी त्यांनीं पुन्हां जागेवर बसविली आहे, दुसऱ्या ॲम्प्लिफायरचा विषय काढीत नाहींत, आणि नवा विकण्यासहि तयार नाहींत. "दिसावयास तरी बरा आहे" म्हणतात. यापेक्षां अधिक न्याय्य कारण त्या यंत्राच्या बाजूनें मीं आजवर ऐकलेलें नाहीं. या लेखाच्या वाचकांपैकीं ज्यांना मीं अन्याय केला असें वाटत असेल त्यांनीं आपापले ॲम्प्लिफायर घेऊन अवश्य यावें. चादर धुऊन ठेवली आहे, व्होल्टमीटर चिरंजीव मजपाशीं ठेवून गेले आहेत, आणि शेजारी जोडणीस तयार आहेत. मात्र अट एकच: प्रत्येक वेळीं लावलेला राग संपूर्ण ऐकावा लागेल.